‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला आता थांबवा : जर्मनीतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
जर्मनीतील सर्व मराठी मंडळे

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच मांडते. नव्याने आलेल्या मराठी माणसाला इथे रंगावरून, नावावरून किंवा मूळ देशावरून कमी लेखले गेले, घर किंवा नोकरी नाकारली गेली, तर त्याला ‘दुर्लक्ष कर’ असे सांगणे आपण थांबवावे, आणि कायद्याने त्याच्यासाठी जी साधने ठेवली आहेत ती मुदत संपण्याआधी त्याच्या हाती पोहोचवण्याची जबाबदारी मंडळांनी अधिकृतपणे स्वीकारावी.

मंडळांचे काम मी सभासद म्हणून जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. नवे कुटुंब आले की अनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, कुठे करायचे, आरोग्यविमा सरकारी घ्यावा की खाजगी, करवर्ग कोणता निवडावा, किटाच्या, म्हणजे पाळणाघर-बालवाडीच्या, प्रतीक्षायादीत मुलाचे नाव ते जन्मण्याआधीच का घालून ठेवावे, हे सगळे मंडळाची माणसे स्वतःच्या संध्याकाळी खर्च करून समजावतात. मात्र त्याच कुटुंबाने ‘फोनवर घर मोकळे होते, दारात आम्हाला पाहिल्यावर ते दुसऱ्याला दिलेले निघाले’ असे सांगितले, की आपली उत्तरे ठरलेली असतात. ही माणसे मुळातच फटकळ आहेत आणि सगळ्यांशी अशीच वागतात. तुझे जर्मन सुधारले की हे आपोआप थांबेल. आपण इथे पाहुणे आहोत, कशाला वाद वाढवायचा. आणि सगळ्यांत शेवटी, समंजसपणाच्या सुरात, कानाडोळा कर.

यांतल्या पहिल्या उत्तरात तथ्य आहे. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकल्या म्हणून खिडकीतून ओरडणारे आजोबा शेजारच्या जर्मन बाईंवरही तितकेच ओरडतात. श्वाबियात केरवोखेच्या, म्हणजे आपल्यावर साफसफाईची पाळी असलेल्या, आठवड्यात जिना झाडायचा राहिला तर दाराला चिठ्ठी लागते, आणि ती आडनाव पाहून लागत नाही. अशा प्रत्येक प्रसंगाला वंशद्वेष म्हणणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण खरा प्रसंग येतो तेव्हा त्याचे कोणी ऐकून घेत नाही. परंतु फरक ओळखण्याची कसोटी फार अवघड नाही : हेच वाक्य, याच आवाजात, याच कारणासाठी शेजारच्या जर्मन कुटुंबाला ऐकवले गेले असते का? घर पाहायला गेल्यावर भाडे, नोकरी, शूफाचा (आर्थिक पतीचा) दाखला यांपैकी काहीही न विचारता पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे रोज तळण होते का’ असा येणे, दुकानाच्या गल्ल्यावर ओळीतल्या सगळ्यांना सोडून आपल्याच पिशवीत डोकावले जाणे, दवाखान्याच्या स्वागतकक्षात नीट जर्मनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला लहान मुलाशी बोलावे तसे हळू आणि मोठ्याने उत्तर मिळणे, भरलेल्या डब्यात एकट्याकडेच ओळखपत्र मागितले जाणे, या गोष्टी त्या कसोटीवर उतरत नाहीत. यांतली एखादी सुटी घेऊन सांगायला गेले तर ती क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच ती सांगितली जात नाही. त्रास एका प्रसंगाचा नसतो. आता घडले ते मुद्दाम होते की सहज, याचा निवाडा दर वेळी एकट्याने, तिथल्या तिथे करावा लागतो, आणि शेजारच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याला जी शक्ती कधीच खर्चावी लागत नाही ती आपल्या माणसाची त्यातच संपते.

भाषेचा सल्ला जर्मन शिकण्यासाठी उत्तम आहे, या दुखण्यावर मात्र त्याचा इलाज होत नाही. इथेच जन्मलेली, घरात मराठी आणि शाळेत अस्सल श्वाबियन बोलणारी आपली मुले ‘पण तू मूळची कुठली’ या प्रश्नाला रोज उत्तरे देत असतात. चौथीनंतर मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की दुसऱ्या शाळेत, याविषयी शिक्षकांची शिफारस येते. त्या वेळी ‘घरी जर्मन बोलत चला’ असा सल्ला ज्या पालकांना मिळतो, त्यांच्या मुलाच्या वहीत जर्मनची एकही चूक नसली तरी तो मिळतो. राहिला पाहुणेपणाचा मुद्दा, तर पाहुण्याच्या पगारातून दर महिन्याला निवृत्तिवेतन विम्याचा हप्ता कोणी कापून घेत नाही. जून २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि आपल्या सभासदांपैकी कित्येकांनी तो केलेलाही आहे. स्वतःच्या देशात पाहुणे म्हणून किती दिवस राहायचे, हे निदान त्यांना तरी सांगावे लागेल.

आपल्या मौनामागचे खरे कारण या तीन उत्तरांपेक्षा वेगळे आहे, असे माझे मत आहे, आणि ते थोडे इतिहासात जाऊन सांगते. सन २००० मध्ये तत्कालीन चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी संगणकतज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड योजना आणली, तेव्हा नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे उमेदवार युर्गेन ऱ्युटगर्स यांच्या प्रचारातून ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुले, ही घोषणा देशभर गाजली. ऑगस्ट २००७ मध्ये झाक्सन राज्यातील म्युगेल्न गावच्या जत्रेत आठ भारतीयांचा जमावाने पाठलाग केला आणि त्यांना एका पिझ्झेरियात आसरा घ्यावा लागला. २०१५ साली लाइपझिगमधील एका प्राध्यापिकेने भारतातील बलात्कारांचे कारण देत एका भारतीय तरुणाला इंटर्नशिप नाकारली, तेव्हा दिल्लीतील जर्मन राजदूत मिशाएल श्टाइनर यांनीच तिला जाहीर पत्र लिहून खडसावले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याच देशाने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी इथल्या विद्यापीठांत शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत आपला गट सर्वांत मोठा होता.

चढत्या प्रतिष्ठेचा हा आलेख आपल्याला फार आवडतो. ‘आम्ही तसले परदेशी नाही’ हे वाक्य उघडपणे कोणी म्हणत नसले, तरी कार्यालयाबाहेर पडल्यावरही कंपनीचे ओळखपत्र गळ्यात दिसेल असे ठेवून रेल्वेत बसणारे आपलेच बांधव मी पाहिले आहेत, आणि त्यांना हसण्याची इच्छा मला होत नाही, कारण ते तसे का करतात हे कळते. मंडळांच्या कार्यकारिणीत बहुतेक जण अभियंते किंवा व्यवस्थापक आहेत. त्यांच्यासाठी पहिले घर कंपनीने नेमलेल्या मध्यस्थाने शोधले, व्हिसाची कागदपत्रे कंपनीच्या वकिलांनी भरली, आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या खिडकीसमोर त्यांना एकट्याने फारसे उभे राहावे लागले नाही. आपल्यातही ज्यांचा वर्ण उजळ आहे त्यांना येणारे अनुभव आणि सावळ्या माणसाला येणारे अनुभव सारखे नसतात, हेही एकदा बोलले पाहिजे. दुर्लक्ष करणे ज्यांना परवडते ते इतरांना दुर्लक्ष करायला सांगत आहेत.

यापुढे येणारा माणूस वेगळा असणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्यात संगणक अभियंत्यांपेक्षा परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री, सुतार अशा व्यवसायांचा विचार होता. त्या कराराचे पुढे काय व्हायचे ते होवो, पण विद्यार्थी आणि परिचारिका तर वेगवेगळ्या वाटांनी आजच येत आहेत. बंद काचेआडच्या कार्यालयात त्यांचे काम चालत नाही. ‘तू मला हात लावू नकोस, जर्मन सिस्टरला बोलाव’ असे रुग्णाने सांगितल्यावर परिचारिकेने काय करायचे? रात्रीच्या शेवटच्या फेरीला चढलेल्या प्रवाशाने बसचालकाच्या रंगावरून शिवी दिली तर त्याने गाडी थांबवायची की हाकत राहायचे? या माणसाला कानाडोळा करायला सांगणे म्हणजे दर पाळीला करायला सांगणे होय.

म्हणून कायद्यात काय आहे ते थोडक्यात, आणि त्याच्या उणिवांसकट, मांडते. २००६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत सर्वसाधारण समान वागणूक कायदा लागू झाला, त्याला इथे सगळे आ-गे-गे म्हणतात. नोकरी, भाड्याचे घर आणि रोजचे बरेचसे व्यवहार यांत वांशिक मूळ, धर्म, लिंग, वय, अपंगत्व किंवा लैंगिक ओळख यांवरून भेद करण्यास त्यात मनाई आहे. वर सांगितलेल्या परिचारिकेच्या प्रश्नाचे उत्तर याच कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे : रुग्णासारख्या त्रयस्थ माणसाकडून कर्मचाऱ्याचा असा छळ होत असेल, तर त्याला आळा घालणे मालकाचे कर्तव्य ठरते, आणि कलम १६ प्रमाणे तक्रार केली म्हणून त्याला कर्मचाऱ्यावर डूख धरता येत नाही. प्रोबेशनचा काळ चालू असताना किंवा ब्लू कार्ड (कुशल कामगाराचा निवास परवाना) नोकरीला बांधलेले असताना हे वाचून धीर येतोच असे नाही, हे मी जाणते. पण कलम असणे आणि ते आपल्यासाठी आहे हे कोणी कधी न सांगणे, यांतली दुसरी अडचण तरी आपल्या हातात आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब मुदतीची आहे. या कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा दोन महिन्यांच्या आत मांडावा लागतो. आपल्या माणसाला पहिले दोन-तीन आठवडे झाले ते काय झाले हेच उमगत नाही, मग तो मंडळातल्या कोणाला तरी विचारतो, त्याला ‘सोडून दे’ असे सांगितले जाते, तो ते सोडून द्यायचा मनापासून प्रयत्न करतो, आणि सोडता येत नाही असे लक्षात येईपर्यंत दोन महिने उलटलेले असतात. आपल्या सल्ल्याची खरी किंमत ही आहे.

दावा टिकत नाही हा समजही चुकीचा आहे. कलम २२ नुसार भेदभाव झाला असावा असे दाखवणारी लक्षणे तक्रारदाराने सिद्ध केली, की तसे घडले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. डिसेंबर २०१९ मध्ये आउग्सबुर्गच्या न्यायालयाने जाहिरातीत ‘जर्मनांसाठी’ असे लिहिणाऱ्या घरमालकाला बुर्किना फासोहून आलेल्या अर्जदारास १,००० युरो देण्याचा आदेश दिला. त्यानंतर महिन्याभरातच बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील न्यायालयाने तुर्की नावाच्या एका अर्जदाराला ३,००० युरो मिळवून दिले. त्याला नकार आला होता, आणि त्याने नंतर जर्मन नावाने पाठवलेल्या अर्जाला मात्र घर पाहण्याचे आमंत्रण आले होते. हा दुसरा अर्ज पाठवणे कोणालाही जमण्यासारखे आहे आणि मंडळातल्या एखाद्या जर्मन सुनेचे किंवा जावयाचे आडनाव त्यासाठी पुरते. २०१७ साली बव्हेरियाची नभोवाणी आणि ‘डेर श्पीगल’ हे साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले होते. वेगवेगळ्या नावांनी २० हजार चौकश्या पाठवून त्यांनी सुमारे ८ हजार उत्तरे मिळवली, आणि जिथे जर्मन नावाला घर पाहायला बोलावले गेले तिथे दर चारांतल्या एका ठिकाणी अरबी किंवा तुर्की नाव डावलले गेले. त्यात भारतीय नावे नव्हती, पण आपली आडनावे घरमालकाला त्यांच्यापेक्षा ओळखीची वाटत असतील असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर लोकांना खोटी आशा लागेल. नागरिकत्व हे कारण कायद्याच्या यादीत नाही, त्यामुळे ‘तुमचा व्हिसा दोनच वर्षांचा आहे’ एवढ्यावरून आलेल्या नकाराविरुद्ध उभे राहणे कठीण जाते. घरमालक किंवा त्याचे नातेवाईक त्याच आवारात राहत असतील तर त्यांना सूट मिळू शकते. आणि पोलीस, सरकारी शाळा, परदेशी नागरिक कार्यालय यांच्या कारभाराला हा कायदा लागूच होत नाही. बर्लिनने २०२० मध्ये स्वतःच्या शासकीय यंत्रणेसाठी वेगळा कायदा केला, परंतु इतर राज्यांत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. तिथे वरिष्ठांकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग उरतो, आणि त्या तक्रारीला नमुना नाही, मुदत नाही आणि फळही नाही, असा विनोद जर्मन वकीलच करतात. तरीही राज्यघटनेचे कलम ३ सर्वांना लागू आहे, आणि निव्वळ कातडीचा रंग पाहून रेल्वेत ओळखपत्र मागितले गेलेल्या एका विद्यार्थ्याने ते वापरले. २०१२ साली कोब्लेंझच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने अशी तपासणी त्या कलमाचा भंग करणारी असल्याचे म्हटले आणि पोलिसांच्या बाजूने त्याची माफी मागितली गेली. रस्त्यात दिलेली शिवी तर फौजदारी संहितेच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे, आणि त्यासाठी तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते. दावा करायचा नसेल त्यांना संघराज्याच्या भेदभावविरोधी कार्यालयाकडून विनामूल्य सल्ला मिळतो. २०२४ मध्ये त्या कार्यालयाकडे ११ हजारांहून अधिक लोकांनी धाव घेतली.

यापुढचे लिहिताना थोडा संकोच होतो, पण ते वगळले तर पत्र अर्धवट राहील. मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर रिकाम्या खोल्यांच्या जाहिराती येतात आणि त्यांत ‘फक्त शाकाहारी’, ‘शक्यतो आपल्यातलेच’ असे सर्रास लिहिलेले असते. नव्या सभासदाचे आडनाव ऐकून ‘म्हणजे मूळचे कुठले’ हा प्रश्न आपल्या कार्यक्रमांतही विचारला जातो, आणि त्याचा रोख गावाकडे नसतो हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्यालाही माहीत असते. निर्वासितांची चर्चा निघाली की ‘त्यांच्यामुळे आपली बदनामी होते’ हे वाक्य मी बड्या पदाधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. सीरियन किंवा आफ्रिकी माणसापासून दोन खुर्च्या लांब सरकून बसल्याने घरमालकाला आपण वेगळे दिसू लागतो, अशी ही समजूत आहे. तो अर्जावरचे नाव वाचतो आणि पुढचा अर्ज उचलतो, त्याला खुर्च्यांची मांडणी दिसतच नाही. मंडळांनी आपल्या गटांवरच्या या जाहिराती आधी बंद कराव्यात, कारण उद्या एखाद्या सभासदाची बाजू घेऊन घरमालकाला पत्र लिहायचे झाले, तर याच जाहिरातींचा स्क्रीनशॉट कोणीही आपल्यापुढे धरेल.

आता प्रत्यक्ष काय करावे याविषयी. नव्या सभासदांच्या स्वागत कार्यक्रमात करवर्गाइतकाच वेळ या कायद्याला द्यावा आणि तो दोन महिन्यांच्या मुदतीपासून सुरू करावा. प्रत्येक मंडळाने दोन सभासद, त्यांतली एक स्त्री, या कामासाठी नेमावेत. त्यांनी वकिली करायची नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे ऐकायचे, तारीख, वेळ, नेमके शब्द, साक्षीदार आणि ईमेल त्याच दिवशी लिहून ठेवायला लावायचे, शहरातल्या सल्ला केंद्राची वेळ, म्हणजे टेर्मिन, मिळवून द्यायची आणि लागल्यास सोबत जायचे. कित्येकदा शेवटची गोष्टच पुरते. खिडकीसमोर एक माणूस उभा असताना जो आवाज लागतो, तो दोन माणसे उभी राहिली की उतरतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. प्रत्येकाने तक्रार करावी असा आग्रह कोणी धरू नये. झालेला अपमान विसरून कामाला लागणे हाही माणसाचा हक्क आहे, फक्त तो निर्णय त्याने माहिती हाती आल्यावर घ्यावा.

मंडळ हे सांस्कृतिक आहे, असल्या भानगडींसाठी नाही, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. अनेक मंडळांच्या नोंदणीकृत घटनेत परस्पर साहाय्य आणि एकात्मीकरण ही उद्दिष्टे स्पष्टपणे लिहिलेली आहेत, आणि ती दाखवूनच आपण नगरपालिकेकडे अनुदानाचे अर्ज करतो.

हा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा आणि तसे सभासदांना लेखी कळवावे, ही विनंती. तो घेतला गेला नाही, तर घटनेत वेगळी तरतूद नसेल तिथे जर्मन नागरी संहितेच्या कलम ३७ प्रमाणे एक दशांश सभासदांच्या लेखी मागणीवरून खास सभा बोलवावी लागते. आमच्या मंडळात सह्या गोळा करायला आम्ही सुरुवात केली आहे.

आपली नम्र,
एक सभासद,
श्टुटगार्ट परिसर